सीबीसी रिपोर्टमधला ‘एनएलआर’ काय सांगतो?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर शिरूरजवळ किंवा सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यात अपघात झाला, की जखमीला इथेच ठेवायचे की पुण्याला हलवायचे, असा प्रश्न येतो. जखमा, रक्तदाब, श्वास पाहून डॉक्टर ते ठरवतातच. पण पुढे गुंतागुंत होईल का, याचा थोडा अंदाज साध्या सीबीसीतूनही मिळतो. न्यूट्रोफिल ८० टक्के, लिम्फोसाइट १० टक्के असतील, तर ८० भागिले १० म्हणजे ८. हाच एनएलआर. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ असतो. वेगळी चाचणी नको, जादा खर्च नको.

कोरोनात घरोघरी माहीत झालेला सीआरपी यकृतात तयार होतो. दुखापतीनंतर तो वाढणारच. साधारण दोन-तीन दिवसांनी उतरू लागतो. उतरून पुन्हा चढला, तर जंतुसंसर्गाची शंका येते. त्यामुळे एका आकड्यापेक्षा ओळीने झालेले रिपोर्ट जास्त बोलतात. पुण्याला जाताना आधीचे सगळे सोबत न्या. स्टेरॉइड सुरू असेल तर सांगा, त्यानेही एनएलआर वाढतो. आणि रुग्ण गुंगीत असेल, धाप लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी थांबू नका.