अंगातली 'ती' आपले नाव कोठून आणते?

आपल्याकडे एका बाईला चार नावे असणे नवे नाही. पाळण्यातले एक, लाडाचे एक, शाळेच्या दाखल्यावरचे एक आणि लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेले एक. कोणत्याही नावाने हाक मारली तरी 'ओ' देणारी बाई एकच असते. काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत मात्र तसे राहत नाही. आवाज, वागणे, आवडीनिवडी बदलतात, रुग्ण स्वतःचे निराळेच नाव सांगतो आणि त्या वेळात काय घडले ते नंतर त्याला आठवत नाही. या विकारास डॉक्टर 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणतात. १९९४ पर्यंत त्यास 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हटले जाई. स्किझोफ्रेनिया हा आजार वेगळा. या दोहोंत गल्लत करू नये.

बहुतेक रुग्णांच्या पूर्वायुष्यात लहानपणची दीर्घकाळची मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा कमालीची हेळसांड आढळते. मूल घर सोडून जाऊ शकत नाही. मग 'हे माझ्यावर नाही, दुसऱ्याच कोणावर होत आहे' अशी मनाची फाळणी होते. त्या 'दुसऱ्या'ला पुढे नाव मिळते.

ते नाव बहुधा जवळचेच असते. कधी लहानपणीचे लाडाचे नाव असते, आणि त्या नावाने बोलणारी व्यक्ती त्याच वयाची राहिलेली असते. कधी स्वतःच्याच नावाचा तुकडा असतो. कधी 'रागीट', 'रडकी' असे स्वभावावरून, तर कधी 'सांभाळणारी' असे कामावरून नाव पडते. ज्याने छळ केला त्याचेच नाव घेऊन बोलणारे रूपही असते. ते ऐकून घरचे हादरतात. काही रूपांना नावच नसते.

अमेरिकेतील क्रिस कॉस्टनर सायझमोर यांची हकिगत १९५७ मध्ये 'ईव्ह' या टोपणनावाने पुस्तकातून व चित्रपटातून गाजली. त्यांचे एक रूप शांत, संसारी होते. दुसरे अवखळ रूप आपले लग्न झाल्याचेच मान्य करीत नसे आणि माहेरचे नाव लावी. लग्नात नाव बदलणाऱ्या आपल्या समाजाला यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नागपूरचे. १९७४ मध्ये एक सुशिक्षित मराठी महिला मधूनमधून बंगाली बोलू लागली. अशा वेळी ती आपले नाव 'शारदा' सांगे, घरच्यांना ओळखत नसे, मराठी तिला कळत नसे. आपण शेदीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधील आहोत, असे तिचे म्हणणे होते. परदेशी व भारतीय संशोधकांनी याचा अभ्यास केला. काहींनी पुनर्जन्माकडे बोट दाखविले, तर काहींनी तिची बंगालविषयीची पूर्वीपासूनची ओढ लक्षात घेऊन हा मनाच्या फाळणीचा प्रकार मानला. मला दुसरे मत अधिक पटते. 'शारदा' हे नाव बंगालीइतकेच मराठी घरांतही परिचित आहे, हेही विसरता येत नाही.

ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडीच्या वस्त्यांत हा प्रकार पाहणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'अंगात आले' हाच. नवरात्रात आरतीच्या वेळी संचार होणे, घटकाभराने ओसरणे आणि बाई पुन्हा कामाला लागणे, याला कोणी डॉक्टर आजार म्हणत नाही. पण आरती नाही, सण नाही, बाईची इच्छा नाही, तरी वारंवार असे घडते, मधल्या तासांचा पत्ता लागत नाही, नोकरी वा शाळा सुटते, तेव्हा तपासणी हवी. पुरुषांतही हे घडते. अमेरिकेत माणसांची नावे पुढे येतात. आपल्याकडे देवी, पीर, विहिरीत जीव दिलेली शेजारीण अशी येतात. मन आपल्या आसपासचीच नावे उचलते.

येथेच घरच्यांची जबाबदारी सुरू होते. फ्रान्सचे डॉक्टर पिएर जाने यांनी १८८९ मध्ये ल्यूसी नावाच्या रुग्णाची हकिगत छापली. तिच्या हातून आपोआप लिहिणाऱ्या त्या 'दुसऱ्या'ने आधी नावाला नकार दिला. नाव असलेले सोयीचे होईल, असे जाने यांनी म्हटले, तेव्हा 'आद्रिएन' हे नाव आले. एकदा नाव पडले की ते रूप अधिक ठसठशीत होते, हे जाने यांनीच नोंदविले. भगत जेव्हा 'बोल, तू कोण?' म्हणून बाईला दरडावतो, तेव्हा वेगळे काय होते? आजच्या उपचारांत निनावी रूपाला नाव सुचवू नये, असाच सल्ला दिला जातो. उलट रुग्णाने स्वतः नाव सांगितले तर ते खोटे म्हणून हिणवू नये, चेष्टेने त्या नावाने हाका मारू नयेत आणि 'तिला बोलाव, बघू' असा पाहुण्यांसमोर खेळ तर मुळीच मांडू नये. झाड उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

यावर मुख्य उपचार म्हणजे अनुभवी तज्ज्ञाबरोबरचे दीर्घकाळचे बोलणे; सोबतच्या निद्रानाशास वा नैराश्यास औषध देता येते. आकडीच्या आजारातही मधला वेळ आठवत नाही, म्हणून ती तपासणीही करून घ्यावी. ट्रॉम्बेकरांना शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील मानसोपचार विभाग जवळचा आहे. फोनवर सल्ला हवा असल्यास सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. डॉक्टरकडे जाताना एक वही न्यावी. तीत प्रत्येक वेळची तारीख, किती वेळ टिकले, आधी घरात काय घडले, कोण हजर होते आणि रुग्णाने कोणते नाव सांगितले, हे त्याच्याच शब्दांत लिहावे.