फोडावं न लागणारं काडतूस

काडतूस म्हटलं की मराठी वाचकाला आधी १८५७ आठवतं. एनफिल्ड रायफलचं ते काडतूस कागदाचं होतं. शिपायानं ते दातांनी फोडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी उरल्या कागदासकट वरून ठासायची. कागदाला लावलेली चरबी कसली, यावरून जानेवारीत दमदमला कुजबुज सुरू झाली. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मेला उठाव झाला.

त्याच दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये आणखी एक कागदी काडतूस बाजारात येत होतं. ते फोडायचंच नसे. कागद, दारू, शिसं सगळं जसंच्या तसं आत जाई आणि बार उडाल्यावर कागदाचा मागमूस उरू नये, ही त्याची कसोटी होती. हे काडतूस ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचं.

ठासणीची बंदूक कोकणातल्या शेतकऱ्याला नवी नाही. नळीच्या तोंडातून दारू, तिच्यावर गोळी, मागे ठिणगी पाडणारी केप. सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हाच उद्योग सहा वेळा करायचा, फक्त नळीतून नव्हे, तर फिरत्या चक्रीच्या सहा घरांत समोरच्या बाजूनं. घोडा अर्धा मागे ओढला की चक्री मोकळी फिरते. एकेका घरात दारू आणि गोळी घालून नळीखालची दांडी खाली दाबायची. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत जाताना तिच्या कडेची शिशाची बारीक कडी सोलून बाहेर पडते. ही कडी पूर्ण गोल निघाली तर घर नीट बंद झालं असं समजायचं. शेवटी मागच्या सहा बोंडांवर सहा केपा बसवायच्या.

घरात बसून हे सोपं आहे. घोड्यावर, पावसात, समोरून गोळ्या येत असताना सुटी दारू मोजून ओतणं जवळपास अशक्य. म्हणून कोल्टनं सहा भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात सहा काडतुसं बसवून त्याच्या कागदी पुड्या विकायला सुरुवात केली. १८५१चं ‘नेव्ही’ असो की १८६०चं ‘आर्मी’, शिपायानं पुडी उघडायची, काडतूस घरात सोडायचं आणि दाबायचं.

आज ही काडतुसं पुन्हा घराघरांत वळली जात आहेत आणि त्यात कायद्याचा हात मोठा आहे. ब्रिटननं १९९७ मध्ये हातबंदुकांवर बंदी घातली, पण तोंडानं भरायच्या हत्यारांना परवान्यावर सूट ठेवली. रिव्हॉल्व्हरनं नेम धरायची हौस असलेल्यांना मुख्यतः ठासणीचा रस्ता उरला. अमेरिकेत १९६८च्या केंद्रीय कायद्यानं जुनी हत्यारं आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृती बऱ्याच बंधनांतून वगळल्या. राज्यांचे नियम वेगळे. प्रतिकृती बहुतेक इटलीत, ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या परिसरात होतात. उबेर्ती हा तिथला कारखाना १९५९चा. आपल्याकडे मात्र ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो.

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा वेगळा प्रकार आहे: २५ मीटरवरून १३ गोळ्या, त्यांतल्या उत्तम १० मोजायच्या. पण मला या हौशी मंडळींच्या गुणांपेक्षा त्यांचे हात जास्त महत्त्वाचे वाटतात. लाकडाच्या निमुळत्या दांडीवर सिगारेटचा किंवा केस कुरळे करताना गुंडाळायचा पातळ कागद वळायचा, कड चिकटवायची, टोक बंद करायचं, दारू भरायची, तोंडाशी गोळी चिकटवायची. कागद जाड निघाला तर केपेची ठिणगी त्याला भेदत नाही आणि बार फुसका जातो. पातळ निघाला तर दाबताना फाटून दारू सांडते. अर्धवट जळाला तर घरात विस्तव राहतो आणि पुढची दारू त्यावर पडली तर हातातच भडका. जुने कारखानदार म्हणूनच कागद सोऱ्याच्या पाण्यातून काढत, म्हणजे तो झर्रकन जळून जाई. इंग्लंडमध्ये जनावराच्या आतड्याच्या पातळ कातड्याचीही काडतुसं निघाली होती.

तरी काळ्या दारूची काजळी कुणाला चुकलेली नाही. नोबल आणि एबल या संशोधकांनी १८७५ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली: जळलेल्या दारूच्या वजनाचा ५७ टक्क्यांच्या आसपास भाग वायू होतच नाही, घन रूपात मागे उरतो. काही फेऱ्यांतच चक्री जड फिरायला लागते. म्हणून मेण आणि चरबीचं वंगण लागतं.

या दारूत वजनानं ७५ टक्के सोरा असतो आणि इथे कथा पुन्हा हिंदुस्थानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातला उत्तम सोरा बिहारचा. नोनिया समाजाची माणसं गावाच्या भिंतींवरची, गोठ्यांजवळची पांढरट माती खरवडत, ती पाण्यात निथळत, ते पाणी कढवून खडे काढत. पाटण्याहून कलकत्ता, तिथून लंडन. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा उत्तरेच्या सरकारजवळचा साठा तुटपुंजा होता. नोव्हेंबर १८६१ मध्ये दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातला लामो द्यू पाँ हा तिशीचा रसायनतज्ज्ञ गुपचूप इंग्लंडला गेला. दक्षिण अमेरिकेच्या सोड्याच्या सोऱ्यापासून सुरुंगाची दारू करायची रीत त्यानंच १८५७ मध्ये शोधली होती, पण ती दारू ओल धरते, बंदुकीला चालत नाही. त्यानं दोन हजार टनांहून अधिक हिंदुस्थानी सोरा खरेदी केला. तेवढ्यात ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील उत्तरेच्या आरमारानं उचलून नेल्याची बातमी लंडनला पोचली आणि ब्रिटननं सोऱ्याची निर्यात थांबवली. वकील सोडल्यावर, १८६२च्या सुरुवातीला, माल सुटला. त्या युद्धाचे इतिहास सेनापतींच्या नावांनी भरलेले आहेत. नोनियांचा उल्लेख त्यांत शोधूनही सापडणं कठीण, आणि याचा मला राग येतो.

त्याच युद्धात बंदुकीची काडतुसं वळायला मुली आणि बायका होत्या. बोटं बारीक, मजुरी कमी. १७ सप्टेंबर १८६२ रोजी पिट्सबर्गच्या अ‍ॅलिगेनी शस्त्रागारात स्फोट झाला, ७८ जण गेले, बहुतेक तरुण मुली. रस्त्यावर सांडलेल्या दारूवर घोड्याच्या नालाची किंवा गाडीच्या चाकाची ठिणगी पडली असावी, असा तर्क होता. १३ मार्च १८६३ला दक्षिणेच्या रिचमंडमध्ये ब्राउन्स बेटावर तेच घडलं. १७ जून १८६४ला वॉशिंग्टनमध्ये उन्हात वाळत ठेवलेल्या शोभेच्या दारूनं पेट घेतला आणि काडतुसं वळणाऱ्या २१ जणी गेल्या. लिंकन त्यांच्या अंत्ययात्रेत सहभागी झाले. एक काडतूस नीट वळायला काय लागतं हे आज हौशी माणसाला स्वतःच्या टेबलावर कळतं. त्या मुलींना ते दिवसभर, दारूच्या धुळीत, मालकाच्या वेगानं करावं लागे.

रिव्हॉल्व्हरमध्ये कागद इतका टिकला तो मात्र तांत्रिक नाइलाजानं नव्हे. चक्रीची घरं आरपार पाडून मागून काडतूस घालायची युक्ती रोलिन व्हाइटनं १८५५ मध्ये पेटंट केली होती. ते पेटंट स्मिथ अँड वेसन यांच्या हाती होतं आणि दर रिव्हॉल्व्हरमागे व्हाइटला २५ सेंट मिळत. १८६९ मध्ये मुदत संपेपर्यंत अमेरिकेत बाकीच्यांना तसं रिव्हॉल्व्हर करण्याची वाट बंद होती. त्यानंतर कोल्टनं जुन्या चक्र्या बदलून धातूच्या काडतुसांची सोय केली आणि १८७३ मध्ये नवं रिव्हॉल्व्हर आणलं. पेटंट वाचवायच्या खटल्यांत बराच पैसा गेलेल्या व्हाइटनं अमेरिकी काँग्रेसकडे दाद मागितली, काँग्रेसनं तसं विधेयक मंजूरही केलं. पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते विधेयक परत पाठवलं. त्यासोबत शस्त्रखात्याच्या प्रमुखाचं मत जोडलेलं होतं: या पेटंटमुळे युद्धाच्या ऐन काळात सरकारची अडचण झाली.