स्वतःची गोष्ट, रचलेली गोष्ट

मराठीत सर्वाधिक हातोहात फिरणारी पुस्तके निवडायची म्हटली तर निम्मी आत्मकथने निघतील आणि उरलेल्यांत बऱ्याचशा कादंबऱ्या असतील. ग्रंथालयांत या दोहोंची कपाटे वेगळी असली तरी दोन्ही प्रकारांनी एकमेकांची हत्यारे सर्रास वापरली आहेत. चांगले आत्मकथन कादंबरीसारखे रचलेले असते, आणि गेल्या साठ वर्षांतल्या अनेक चांगल्या कादंबऱ्या कोणीतरी आपलीच हकिकत सांगत असल्यासारख्या वाचल्या जातात. म्हणून वाचायला घेताना दोन्ही कपाटांतून आलटूनपालटून घ्यावे.

सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करावी. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक अजून शिळे झालेले नाही. बाहेरून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात न घेणारे, सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले वडील. मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारे कवी पती. त्यांनी 1895 मध्ये घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा आणि त्यानंतरची ताटातूट. यांतल्या कोणत्याही एका प्रसंगावर रडकथा बेतता आली असती. लक्ष्मीबाई हसत सांगतात, स्वतःलाही सोडत नाहीत. लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या या बाईने बोलण्याची लय जशीच्या तशी कागदावर उतरवली. पुढच्या आत्मकथनकारांपैकी फार थोड्यांना ते इतक्या सहज जमले.

हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (1970) तर मुळातच सांगितलेले पुस्तक आहे. ‘माणूस’ साप्ताहिकासाठी अरुण साधू यांनी शब्दांकन केलेल्या या आठवणींवरूनच श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ हा चित्रपट काढला. चित्रपट पाहिलेल्यानेही पुस्तक वाचावे. त्यातला सरळ, बचाव न करणारा सूर पडद्यावर तितका येत नाही.

1978 साली ‘ग्रंथाली’ने दया पवारांचे ‘बलुतं’ काढले आणि मराठी आत्मकथनाचा पत्ताच बदलला. याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. शहरात स्थिरावलेला, नोकरी करणारा लेखक दया पवार आणि गावकुसाबाहेर व मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. दगडू बोलतो, दुसरा ऐकतो. माणूस एकच, पण त्याने स्वतःपासून एक हात अंतर ठेवले आहे, आणि त्या अंतरामुळेच लाजेच्या गोष्टीही सांगता आल्या आहेत. समाजाचा अन्याय यात आहेच. शिवाय लेखकाचा स्वतःचा भित्रेपणा आणि स्वतःच्या घरातल्या बायकांशी झालेले वर्तनही आहे. फक्त आक्रोश शोधत ‘बलुतं’ वाचणाऱ्याच्या हाती अर्धेच पुस्तक लागते. पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाले. सगळी लागोपाठ वाचू नयेत. भूक, शाळा, मार यांची पुनरावृत्ती होते आणि वाचकाचे मन बधिर होते.

या रांगेत बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) वेगळे उभे राहते. फलटणमध्ये स्वतःचे दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिले आणि कित्येक वर्षे दडवून ठेवले. या पुस्तकात ‘मी’ जेमतेम भेटते. बोलतो तो अख्खा महारवाडा, त्यातही सासुरवाशिणी. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) हे त्यापुढचे पाऊल. कोकणातल्या वाड्यावस्त्या, बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी आई आणि मुंबईत चळवळीत शिरलेल्या बाईचे शरीर, संसार व लेखन यांविषयी इथे बिनधास्त बोलले जाते.

मध्यमवर्गीय आत्मकथनांत दोनच नावे पुरेत. विश्राम बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ (1984) मध्ये लेखक स्वतःलाच ‘तो’ म्हणतो, आणि त्या तिऱ्हाइतपणातून नाटक-सिनेमाच्या धंद्यातले अपयश विनोदी होऊन येते. सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ (1990) वर त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांच्या चाहत्यांनी बराच त्रागा केला. वास्तविक पुस्तकाचा विषय पु. ल. नसून एका करड्या, स्वतःशीही न पटणाऱ्या बाईचे मन आहे.

कादंबरीकडे वळताना भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) ओलांडून जाता येत नाही. पांडुरंग सांगवीकर आपले कॉलेज, होस्टेल, बाप, बहीण यांची हकिकत सांगतो, तीही आत्मचरित्र लिहायला बसल्याच्या थाटात. खरी वाटणारी, पण रचलेली ‘मी’ची गोष्ट त्यानंतर मराठी कादंबरीत रुळली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004) त्याच वाटेवरची, पण पुष्कळ गोड. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग इतका नेमका उतरला आहे की वाचक सरळ आपल्या बाकावर जाऊन बसतात. त्या गोडव्याच्या आड राजकारणाची चाहूल अगदी हलकी राहिली आहे, हे मात्र खटकते.

धरण आणि विस्थापन या एकाच विषयाच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचाव्यात. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (1991) पसरट आणि माणसांनी गजबजलेली आहे. कचेऱ्या, मोबदला, दलाल यांची आतली माहिती तिच्यात खच्चून भरली आहे. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, उलट टोकाची आहे. उठवलेल्या गावात मागे राहिलेल्या म्हशीला आणायला एक माणूस परत जातो, आणि माणूस, जनावर व रान यांची झुंज एवढ्यातच कादंबरी मावते. पहिली विस्थापनाची यंत्रणा समजावते, दुसरी त्याने माणसाच्या अंगात काय होते ते दाखवते.

शेतीची कोंडी समजून घ्यायची तर सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ अजूनही पहिली. तिच्यातला एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नसल्याने तो शेतीतच अडकतो. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ साक्षरता अभियानाची कागदोपत्री गंमत करता करता अख्ख्या सरकारी कारभाराचे वस्त्रहरण करते. कविता महाजन यांच्या ‘ब्र’ मध्ये (2005) आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचे अनुभव आहेत. काही पाने अहवालासारखी वाटतात, पण त्यांतली माहिती दुसऱ्या कादंबरीत सहसा मिळत नाही. सचिन कुंडलकर यांची छोटेखानी ‘कोबाल्ट ब्लू’ एकाच पाहुण्या भाडेकरूवर जीव लावून बसलेल्या भावाची आणि बहिणीची दोन स्वतंत्र निवेदने मांडते. ती एका बैठकीत वाचून होते.

अलीकडच्या दोन पुस्तकांवर कपाटाची चिठ्ठी कोणती लावायची हेच ठरत नाही. नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली आणि 2018 मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पण जत तालुक्यातली दुष्काळी माणदेशी बोली, मेंढरे आणि शिक्षणाची फरफट आत्मकथनासारखीच येते. शरद बाविस्कर यांचे ‘भुरा’ (2021) आत्मकथन आहे. धुळ्याजवळच्या गावातला, दहावीत इंग्रजीत नापास झालेला मुलगा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच शिकवू लागतो, आणि मधल्या मजुरीची पाने पुस्तकातली सर्वांत दणकट आहेत. उत्तरार्धात तत्त्वज्ञानाची चर्चा वाढते. ज्यांना तिची सवय नाही त्यांनी पूर्वार्ध सावकाश वाचून पुढे हवे तिथे थांबावे.