लाइट गेली-आली सांगणारी घंटा



रात्रपाळीला दारं धरणाऱ्याची निम्मी रात्र उसात जाते नि निम्मी मोटारीवरच्या बल्बाकडे बघण्यात. लाइट गेल्याचे कळते तेव्हा सरीतले पाणी केव्हाच थांबलेले असते. परत आल्याचे कळेपर्यंत तास-दीड तास वाया गेलेला. यावर अनेकांनी ऑटो स्विच बसवले, पण आमचे मन त्याला घेत नाही. लाइट येताच डी.पी.वरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, उठताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डी.पी. जळाला की नवा बसेपर्यंत सगळेच हात बांधून बसतात.

ठिबकवाल्यांची काळजी याहून मोठी. व्हेंचुरीतून खत चालू असताना लाइट गेली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असला, तर पाइपातले खताचे पाणी उलटे विहिरीत उतरते. वस्तीवर प्यायला पाणी त्याच विहिरीचे असते! व्हॉल्व्ह दुरुस्त ठेवावाच; पण लाइट गेल्याचे त्याच क्षणी कळले तर खताची तोटी हाताने बंद करता येते.

त्यासाठी बॅटरीवरची घंटा पुरते. तिचा जीव रिलेत आहे. रिलेच्या कॉइलला वीज असते तोवर मधली पट्टी एका टोकाला चिकटून राहते, वीज गेली की स्प्रिंगने दुसऱ्या टोकाला जाते. बॅटरीची एक तार या पट्टीला द्यावी. रिलेची दोन टोके जिन्याला लावतात त्या टू-वे स्विचच्या दोन बाजूंना जोडावीत. स्विचच्या मधल्या टोकापासून बझर, आणि बझरमधून तार परत बॅटरीला. झाले. लाइट गेली की घंटा वाजते, आपण स्विच पलटला की गप्प. मग लाइट आली की पुन्हा वाजते, पुन्हा पलटा. नुसती गेल्याची घंटा लावली तर शेतीच्या फीडरवर ती दिवसाचे सोळा-सोळा तास कोकलत बसेल.

बारा व्होल्टच्या लहान बझरला टॉर्चचे आठ सेल पुष्कळ झाले. मोटारसायकलचा हॉर्न लावायची हौस नको, तो सात अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा दोन-तीन तासांत बसवतो.

आता खरी मेख. खोपीतल्या दिव्याच्या लाइनवर साधा २३० व्होल्टचा रिले लावून भागत नाही. सिंगल फेज चालू असते, दिवा जळत असतो आणि थ्री फेज गेलेली असते. तीन फेजवर तीन साधे रिले लावले तरी भरवसा नाही, कारण चालती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच थोडाफार व्होल्टेज उभा करते व रिले फसतो. म्हणून दोन्हीकडची टोके बाहेर दिलेला फेज-फेल्युअर रिलेच घ्यावा आणि तो स्टार्टरच्या आधी, फ्यूज घालून, वायरमनकडूनच बसवून घ्यावा. मेनच्या आणि बॅटरीच्या तारा एका पाइपातून नेऊ नयेत. बॅटरीकडची बारीक दोन तारांची लाइन मात्र खोपीपर्यंत खुशाल ओढा.

झोपण्याआधी स्विच एकदा पलटून बघावा. घंटा वाजली तर सेल जिवंत आहेत. परत जागेवर करून पडावे.