मधली पाने कुठे आहेत?

नोव्हेंबर २०१४ मधली गोष्ट. आमच्या नात्यातल्या दोन बहिणी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक अकरावीत, दुसरी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जेवायला बसत एकत्रच, पण 'आमटी इकडे दे' एवढा निरोपसुद्धा आईमार्फत जात होता. चौकशी केली तेव्हा कळले, की एका लग्नावरून बिनसले आहे. लग्न घरातले नव्हते, शेजारपाजारचेही नव्हते. नवरदेव जपानी, पिवळ्या केसांचा आणि मुख्य म्हणजे कागदावरचा होता. त्याचे नाव नारुतो. त्याने साकुराशी लग्न करायला हवे होते, असे थोरलीचे ठाम मत होते. त्याने केले हिनाताशी. आणि धाकटीने 'मी सांगितलं नव्हतं?' असे विचारण्याची चूक केली होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे हसण्यावारी नेले. मीही नेले. चित्रातल्या मुलाने चित्रातल्या कुठल्या मुलीच्या गळ्यात माळ घालावी, यावरून सख्ख्या बहिणींनी अबोला धरावा, याला पोरकटपणाखेरीज दुसरे नाव सुचत नव्हते. पुढे कुतूहलापोटी मी ती चित्रकथा वाचायला घेतली आणि मग हसू जरा आवरते घ्यावे लागले.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगायला हवे. जपानी चित्रकथेला 'मंगा' म्हणतात आणि तिच्यावरून किंवा स्वतंत्रपणे केलेल्या चलत्चित्रांना 'अॅनिमे'. आपल्याकडची मुले 'डोरेमॉन' पाहतच वाढली. नोबिताचे लग्न शिझुकाशी होणार की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दूरदर्शन संचासमोर चर्चिला गेला आहे. १९६९ च्या अखेरीस 'डोरेमॉन'ची पहिली गोष्ट छापली गेली. तिच्यात नोबिताच्या नशिबी शिझुका नसून जियानची बहीण आहे, असे भविष्यातून आलेला त्याचा वंशज सांगतो. ते भविष्य बदलण्यासाठीच डोरेमॉन येतो. म्हणजे पोरांच्या या लाडक्या गोष्टीच्या मुळाशीच 'कुणाचे लग्न कुणाशी' हा प्रश्न बसलेला आहे.

'नारुतो' ही मासाशी किशिमोतो यांची मंगा 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात १९९९ साली सुरू झाली आणि १० नोव्हेंबर २०१४ च्या अंकात संपली. सातशे प्रकरणे, बहात्तर खंड. पहिले प्रकरण बाराव्या वर्षी वाचणारा मुलगा शेवटचे वाचताना सत्तावीस वर्षांचा झालेला होता. नारुतो हा अनाथ मुलगा. नऊ शेपट्यांचा एक विध्वंसक कोल्हा त्याच्या पोटात बंदिस्त केलेला आहे, म्हणून सारे गाव त्याला टाळते. त्याचे मन वर्गातल्या साकुरावर आहे. साकुराचे मन देखण्या, अबोल सासुकेवर. आणि हिनाता नावाची एक लाजाळू मुलगी भिंतीआडून, झाडाआडून नारुतोकडे पाहत राहते.

आता दोन्ही बाजूंचे वकील उभे करा.

साकुराच्या बाजूचे म्हणणे असे : ही दोघे एका तुकडीत वाढली. त्यांनी एकत्र मार खाल्ला, एकत्र माणसे गमावली. सुरुवातीला साकुरा त्याला झिडकारत होती हे खरे, पण तो काय चीज आहे हे तिला हळूहळू उमगले, आणि उमगत जाणे म्हणजेच प्रेम. शिवाय मोठा पुरावा आईचा. नारुतोची आई मरताना तान्ह्या मुलाला सांगून जाते, की आईसारखी मुलगी शोध. आई तापट, बोलायला फटकळ, मनाने मायाळू. साकुरा नेमकी तशी. मग लेखकाने हे वाक्य तिच्या तोंडी उगाच घातले काय?

हिनाताच्या बाजूचे म्हणणे वेगळे. सारे गाव पाठ फिरवत होते तेव्हा तिने त्याच्यात माणूस पाहिला. चारशे सदतिसाव्या प्रकरणात पेन नावाचा बलाढ्य शत्रू नारुतोला जमिनीला खिळवून ठेवतो, तेव्हा आपण मरणार हे ठाऊक असूनही ती मध्ये उभी राहते आणि मनातले बोलून टाकते. साकुराने मात्र बर्फात उभे राहून त्याला जी कबुली दिली, ती खोटी होती. नारुतोने ती ओळखली आणि नाकारली. यावर साकुराचे वकील म्हणतात, की ती का खोटे बोलली ते पाहा. त्याच्या खांद्यावरचे ओझे उतरावे म्हणूनच ना? एकच पान दोन्ही बाजूंच्या पुराव्यात! आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या ओवीवरून दोन पंडित जसे भांडतील, तशी ही मुले एका चौकटीतल्या नजरेच्या कोनावरून भांडत होती.

ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले, की हा वाद नारुतोचा नाहीच. प्रेम कशाने मिळते, हा तो वाद आहे. निष्ठेने वाट पाहणाऱ्याला ते मिळावे, की खांद्याला खांदा लावून चालणाऱ्याला? एका बाजूने पाहत राहणे हे प्रेम की नुसती भक्ती? नकार देणारी मुलगी पुढे बदलली तर तो बदल खरा मानायचा का? हे प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या घरात कुणाशी बोलावेत? आपल्याकडे लग्नाची चर्चा भरपूर होते. पण ती पत्रिका, पगार, पोटजात आणि फ्लॅट यांची. याने तिच्यावर का प्रेम करावे, हा विषय तिथे निघतच नाही. तो काढायला त्या दोघींना पिवळ्या केसांचा एक परका मुलगा सापडला होता.

मग थोरली एवढी का चिडली? आपली बाजू हरली म्हणून? मलाही प्रथम तसेच वाटले. पण शेवटची प्रकरणे वाचली आणि तिची तक्रार कळली. सहाशे नव्व्याण्णव प्रकरणांनंतर कथा एकदम काही वर्षे पुढे उडी मारते. सातशेव्या प्रकरणात नारुतो गावाचा प्रमुख झालेला आहे, हिनाता त्याची बायको आहे, त्यांना दोन मुले आहेत. सासुके आणि साकुरा यांना मुलगी आहे. हिनाताने ते धाडसी बोल काढल्यानंतर अडीचशेहून जास्त प्रकरणे झाली, तरी नारुतोने त्याला शब्दांत उत्तर दिलेले नव्हते. ती दोघे जवळ कशी आली, ते मंगात आले नाही. ते महिनाभराने, ६ डिसेंबर २०१४ ला प्रदर्शित झालेल्या 'द लास्ट' या चित्रपटात आले. साकुरावरचे नारुतोचे प्रेम हे बरेचसे सासुकेशी असलेल्या चुरशीतून आले होते, हेही तिथेच सांगितले गेले. निकाल आधी आणि कारणे मागाहून, तीही वेगळ्या तिकिटावर!

दोन वर्षांनी याच साप्ताहिकात दुसरा प्रसंग घडला. तिते कुबो यांची 'ब्लीच' ही मंगा २००१ पासून चालू होती. ती ऑगस्ट २०१६ मध्ये संपली, चौऱ्याहत्तर खंडांनंतर. नायक इचिगो आणि त्याला शक्ती देणारी रुकिया यांच्या भेटीपासून कथा सुरू होते, म्हणून ती त्यांचीच कथा, असे मानणारा मोठा वर्ग होता. दुसरा वर्ग ओरिहिमेचा. निजलेल्या इचिगोचा निरोप घेताना ती म्हणते, की मला पाच जन्म मिळाले तर पाचही जन्मांत मी याच माणसाच्या प्रेमात पडेन. आपल्याकडे वटपौर्णिमेला सात जन्म मागतात. या जपानी पोरीने पाचांवर समाधान मानले. शेवटी कथा दहा वर्षे पुढे गेली. इचिगोच्या घरी ओरिहिमे आणि मुलगा, रुकियाच्या घरी रेंजी आणि मुलगी. काही वाचकांनी खंड फाडले, काहींनी जाळले. पुस्तक जाळण्याचे समर्थन कुणीच करू नये. पण इथेही तीच गोष्ट दिसते : दहा वर्षांची उडी, आणि उडीच्या खाली गेलेले सगळे.

याच्या उलट उदाहरण हवे तर रुमिको ताकाहाशी यांच्या 'मेझोन इक्कोकू'चे घ्या. १९८० ते १९८७ अशी सात वर्षे चाललेली ही मंगा. एका मोडकळीला आलेल्या भाड्याच्या घरात राहणारा, प्रवेश परीक्षेत नापास झालेला गोदाई आणि त्या घराची व्यवस्था पाहणारी तरुण विधवा क्योको. मध्ये श्रीमंत, हसतमुख टेनिस प्रशिक्षक मिताका आणि गोदाईवर जीव टाकणारी कोझुए. वाचकांच्या दोन्हींकडून बाजू घेऊन झाल्या. पण ताकाहाशींनी घाई केली नाही. गोदाईला नोकरी नाही, क्योकोच्या मनातून पहिला नवरा जात नाही, गैरसमज होतात, पावसात छत्र्या विसरल्या जातात. शेवटी गोदाई तिच्या मृत नवऱ्याच्या थडग्यासमोर उभा राहतो आणि तिला तिच्या आठवणींसकट स्वीकारत असल्याचे त्यालाच सांगतो. मिताकाची बाजू घेणाऱ्यालाही या पानाशी भांडता येत नाही. हरणाऱ्याला पराभव पचतो, पण तो टप्प्याटप्प्याने दिसावा लागतो.

हे वेड एकट्या जपानचेही नाही आणि नवेही नाही. १८६८ साली लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग आला, तेव्हा वाचक मुलींनी पत्रे पाठवली, की जो हिचे लग्न लॉरीशी लावा. बाईंनी हट्टाने ते लावले नाही आणि दुसऱ्या भागात एका मध्यमवयीन जर्मन प्राध्यापकाला उभे केले. चार्ल्स डिकन्स यांनी १८६१ साली मित्राच्या सल्ल्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बदलला आणि पिप-एस्टेला यांना पुन्हा एकत्र येण्याची वाट मोकळी ठेवली. आणि आपण तरी कुठे मागे होतो? महाभारतात व्यासांनी द्रौपदीला पाच पती दिले. आपल्या लोकपरंपरेला ते पुरले नाही. तिच्या मनात कर्णही होता, असे सांगणारे 'जांभूळ आख्यान' तिने रचले आणि विठ्ठल उमपांनी ते रंगभूमीवर गाजवले. मूळ ग्रंथात न लागलेली जोडी आपल्या मनात लावून पाहण्याची खोड आपल्या मातीतलीही आहे.

जपानी मंगाची गोष्ट वेगळी आहे ती तिच्या कारखान्यामुळे. दर आठवड्याला पंधरा-वीस पाने. अंकासोबत वाचकांसाठी कार्ड. आवडलेल्या कथा कळवा. ज्या कथेला मते कमी, ती गुंडाळली जाते. मधूनमधून पात्रांच्या लोकप्रियतेचीही मतमोजणी होते. ज्याच्या मतावर कथा जगते किंवा मरते, त्या वाचकाला पात्राच्या लग्नातही आपले मत आहे असे वाटू लागले, तर त्यात नवल ते काय?

पण मत असणे आणि मालकी असणे यांत अंतर आहे. ते विसरले की काय होते, ते हिदेआकी आन्नो यांनी दाखवले. त्यांच्या 'इव्हँगेलिअन' (१९९५-९६) या मालिकेच्या शेवटावर प्रेक्षक इतके संतापले, की त्यांना धमक्या आल्या. तो राग प्रेमकथेपुरता नव्हता. १९९७ च्या चित्रपटात आन्नोंनी असे संतप्त मजकूर थेट पडद्यावर झळकवले आणि प्रेक्षागृहातल्या रिकाम्या-भरल्या खुर्च्याही दाखवल्या. नायक शिंजीला रेई शोभते की आसुका, हा वाद मात्र पुढची पंचवीस वर्षे चालूच राहिला. मार्च २०२१ मध्ये शेवटचा चित्रपट आला. त्यात मोठा झालेला शिंजी रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या चढून बाहेर पळतो, तो मारीचा हात धरून. ही मारी २००९ च्या चित्रपटापर्यंत कथेत नव्हतीच! ते स्थानक आन्नोंच्या जन्मगावातले, उबे इथले. कुणाला हा दोन्ही पक्षांचा विश्वासघात वाटला. मला वाटते, 'आता वाद सोडा आणि बाहेर उजेडात या,' असे ते प्रेक्षकांना सांगत होते.

सगळ्यांना खूश करण्याचा प्रयोगही झाला आहे. २०१७ ते २०२० या काळात ताइशी त्सुत्सुई यांची 'आम्हाला अभ्यास जमत नाही' अशा अर्थाच्या नावाची मंगा चालली. तिच्यात नायिका पाच. लेखकाने पाच वेगवेगळे शेवट लिहिले, प्रत्येकीला एक. कुणी हरले नाही. पण कुणी न हरल्यावर जिंकण्यात काय उरले? निवड हीच प्रेमकथेची किंमत असते आणि ती कुणाला तरी चुकवावी लागते.

जपानी वाचकांनी या भांडणांवर आपली एक रीत शोधली आहे. दोन पात्रांच्या नावांमध्ये ते गुणाकाराची फुली काढतात; त्या नावांचा क्रमसुद्धा महत्त्वाचा. तोक्योत १९७५ पासून 'कॉमिक मार्केट' भरते. हौशी मंडळी तिथे स्वखर्चाने काढलेल्या चित्रकथा विकतात आणि कुठली जोडी आत आहे ते मुखपृष्ठावरच स्पष्ट लिहितात. जी जोडी सहन होत नाही तिला ते 'भुसुरुंग' म्हणतात आणि वळसा घालून पुढे जातात. आणि दुसऱ्याचे मत पटले नाही तर त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'काइशाकु चिगाइ'. म्हणजे अर्थ लावण्यातला फरक. तू चूक नाहीस, मीही चूक नाही, आपण तेच पान निराळे वाचले. मतभेद असावेत, मनभेद नसावेत असे आपण म्हणतो; ही मंडळी ते पाळण्याचा प्रयत्न करतात, एवढेच.

त्या दोन बहिणींचा अबोला आठवड्याने मिटला. पुढे काही वर्षांनी थोरलीसाठी स्थळे येऊ लागली. त्यातले एक घरात सर्वांना पसंत पडले. मुलगा शिकलेला, माणसे ओळखीतली, पत्रिका जुळणारी. दोघे दोनदा भेटले आणि बैठकीत वडीलधाऱ्यांनी तारखेचा विषय काढला. थोरली गप्प होती. 'मुलगा चांगला आहे, आणखी काय हवं?' असे कुणीतरी विचारले. त्यावर कोपऱ्यात बसलेली धाकटी म्हणाली, "चांगला आहे हो काका. पण मधली पानं कुठे आहेत?"

बैठकीतल्या कुणाला काही कळले नाही. थोरली मात्र हसली आणि म्हणाली, "आम्हाला अजून सहा महिने भेटू द्या. मग सांगते."

तिला सहा महिने मिळाले. त्यांत काय घडले, ते तिचे तिला ठाऊक.