हाडांना खुराक हवा, तसे कामही

पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हाडांची काळजी म्हटली की आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी सुचवल्या जातात: कॅल्शियमची गोळी आणि सकाळचा फेरफटका. दोन्हींत गैर काही नाही. पण एवढ्याने भागते, हा समज मात्र तपासायला हवा. हाड ही जिवंत ऊती आहे. काही पेशी जुने हाड झिजवतात, काही नवे घडवतात आणि हे काम जन्मभर चालू राहते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीत ते घटले की झीज भरपाईच्या पुढे जाते आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता सर्वांत वेगाने उतरते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधीच थांबते. त्यामुळे ही उतरण आपल्याकडे लवकर सुरू होते. ती आटोक्यात ठेवायची तर आहाराने माल पुरवावा लागतो आणि तो माल हाडात बसावा म्हणून हाडावर भारही टाकावा लागतो. यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आधी आहार. त्याबद्दलचे पुरावे वरवर पाहता एकमेकांशी भांडतात. फ्रान्समध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांपैकी ज्यांना कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात दीड वर्षात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आढळले. उलट अमेरिकेत ३६ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशाच गोळ्यांनी खुब्याची घनता किंचित वाढली, पण अस्थिभंग ठामपणे घटल्याचे दिसले नाही. मुतखडे तेवढे वाढले. २०२२ साली तिथल्याच आणखी एका मोठ्या प्रयोगात नुसत्या 'ड' जीवनसत्त्वाचाही निरोगी लोकांत उपयोग दिसला नाही. या विसंगतीचा उलगडा त्या-त्या गटांच्या मूळ स्थितीत आहे. फ्रान्समधल्या त्या स्त्रिया सरासरी ८४ वर्षांच्या होत्या आणि त्यांना ऊन व पोषण दोन्ही कमी मिळत होते. अमेरिकेतल्या बहुतेकींच्या आहारात कॅल्शियम आधीच पुरेसे होते. थोडक्यात, जिथे उणीव आहे तिथे भरपाई लागू पडते. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत तर गोळ्यांऐवजी दूध, दही, चीज वाढवले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एकूण अस्थिभंग ३३ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४६ टक्क्यांनी घटले. तिथे कॅल्शियमबरोबर प्रथिनेही वाढली होती, हे विसरू नये.

मग मराठी घरातली साठीची बाई फ्रान्स आणि अमेरिकेतल्या गटांपैकी कोणाच्या जवळची? अनेक घरांत ती शेवटी जेवते, दुधाचा वाटा नातवंडांकडे जातो आणि रात्री चहा-पोळीवर भागते. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे भारतीय शिफारस सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास, चमचाभर बिनसोललेल्या तिळात शंभरच्या वर. नाचणीतले फायटेट कॅल्शियमचे शोषण अडवते. आंबवलेली आंबील किंवा मोड आणून केलेले पीठ तो अडसर कमी करते. पालकातले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे फारसे अंगी लागत नाही. कोकण-गोव्यात काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हा चांगला स्रोत, पण तिच्यातले मीठ जपावे. उपासाला साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. राजगिऱ्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही. डाळी, अंडी, दही यांतून प्रथिनांची बाजू सांभाळली नाही, तर कॅल्शियम मोजून खाऊनही स्नायू खंगतात.

आता व्यायाम. 'बायका दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?' हा आक्षेप सहानुभूतीचा आहे, पण हाडाच्या स्वभावाशी जुळत नाही. सवयीच्या भाराला हाड सरावते. नव्या, जास्त भारालाच ते प्रतिसाद देते. म्हणून झाडू-पोछा आणि सपाट रस्त्यावरचे चालणे हृदयाला उपकारक असले, तरी मणक्याची घनता त्याने फारशी वाढत नाही. वजन उचलू नये, हाड मोडेल, ही भीती मात्र रास्त आहे. ऑस्ट्रेलियात १०१ स्त्रियांवर झालेल्या लिफ्टमोर प्रयोगात हाच प्रश्न तपासला गेला. हाडांची घनता कमी झालेल्या, ५८ वर्षांवरच्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली; हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. त्या काळात जड वजने उचलणाऱ्यांपैकी एकीचेही हाड मोडले नाही. अर्थात यातला 'देखरेखीखाली' हा शब्द महत्त्वाचा. मणका आधीच दबला असेल, तर पुढे वाकून वजन उचलणे घातकच.

दोन-तीन टक्क्यांनी काय होते, असेही कोणी विचारील. एकट्या घनतेकडे पाहिले तर वाढ लहान आहे. पण खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळे आणि पडणे हे पायांतल्या ताकदीवर, तोल सांभाळण्यावर अवलंबून असते. २३ हजारांवर ज्येष्ठांवरील प्रयोगांचा २०१९ चा कॉक्रेन आढावा सांगतो, की व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. हे काम कुठलीही कॅल्शियमची गोळी करत नाही. उलट, वर्षातून एकदा 'ड' जीवनसत्त्वाचा पाच लाख युनिटांचा डोस दिलेल्या वृद्ध स्त्रिया जास्त पडल्या, असे २०१० च्या एका प्रयोगात आढळले.

ज्यांना ऑस्टिओपोरोसिस झालेला आहे, त्यांना औषधे लागतात. भाकरी आणि डंबेल त्यांची जागा घेणार नाहीत. पण औषधांनाही पुरेसे कॅल्शियम असलेले शरीर लागते आणि तोल सावरणारे पाय औषधाने मिळत नाहीत. म्हणून आजवर गोळीपुरता राहिलेला प्रश्न आता सोयींचाही झाला पाहिजे. गावोगावच्या महिला मंडळांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांत सभागृहे आहेत, माणसे जमतात; जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली आठवड्यातून दोन तास ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम तिथे सहज होऊ शकतात. घरात करायचा बदल तर त्याहून सोपा आहे: दुधाची वाटणी करताना आजीचा पेला आधी भरावा आणि तिच्या हातातली प्रत्येक जड पिशवी प्रेमापोटी काढून घेऊ नये.