मोडलेला प्रवास आणि अडकलेला पैसा

सावद्याहून आमच्या एका जुन्या शिक्षकबंधूंचे पत्र आले आहे. निवृत्तीनंतर गाठीशी असलेल्या पुंजीतून मुलगी, जावई व नातवंडे मिळून आठ जणांनी काश्मीर पाहावे, असे त्यांनी योजिले होते. भुसावळहून रेल्वेने दिल्ली आणि 9 मे 2025 रोजी दिल्लीहून विमानाने श्रीनगर, असा बेत होता. 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात अतिरेक्यांनी 26 निरपराध माणसांचा बळी घेतला. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. 7 मे रोजी भारताची लष्करी कारवाई झाली, श्रीनगरचा विमानतळ बंद झाला व 12 मेपर्यंत तो बंदच राहिला. प्रवास मोडला. ज्या घरांतील माणसे परतलीच नाहीत त्यांच्या दुःखापुढे आपल्या बुडालेल्या पैशाची गोष्ट काढणे लाजिरवाणे वाटते, असे आमचे मित्र आरंभीच लिहितात. हा संकोच त्यांच्या सुसंस्कृतपणास शोभणाराच आहे. परंतु या संकोचाचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, हाही प्रश्न आहेच, आणि म्हणून तो येथे उघडपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या एकाच प्रवासातील पैशाला तीन निरनिराळ्या गती मिळाल्या. विमानकंपनीने उड्डाणच रद्द केले होते. तेव्हा भाड्याची पूर्ण रक्कम परत करणे तिला भाग होते व ती तिने केलीही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम याबाबत स्पष्ट आहे. युद्ध, अशांतता वा नैसर्गिक कोप यांमुळे उड्डाण रद्द झाले तर वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही, परंतु भाडे मात्र परत मिळते. तिकीट दलालामार्फत काढलेले असले तरी परताव्याची जबाबदारी विमानकंपनीचीच असते, कारण दलाल हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. हे पुष्कळांस ठाऊक नसते, आणि दलाल कंपनीकडे व कंपनी दलालाकडे बोट दाखवीत महिने लोटतात.

रेल्वेची गोष्ट निराळी. भुसावळहून दिल्लीस जाणारी गाडी वेळेवर धावत होती. गाडी रेल्वेने रद्द केली तर सर्व पैसे परत मिळतात. तीन तासांहून अधिक उशीर झाला आणि ती सुटण्यापूर्वी रीतसर मागणी नोंदविली तरीही मिळतात. परंतु गाडी जात असता आपणच न जाण्याचे ठरविले, तर ते प्रवाशाने आपण होऊन केलेले रद्दीकरण ठरते. पुढचा मार्ग बंद आहे हे रेल्वेच्या हिशेबात येत नाही. कपात होऊन उरलेले पैसे हाती आले. यात अन्याय झाला असे आम्हांस म्हणवत नाही. रेल्वेने दिल्लीस पोहोचविण्याचे वचन दिले होते, श्रीनगरला नव्हे.

खरा तंटा आहे तो तिसऱ्या रकमेचा, आणि तीच सर्वांत मोठी. हॉटेल, मोटारी, शिकारे यांसाठी सहल-आयोजकाकडे भरलेली आगाऊ रक्कम परत मिळत नाही. पुढील वर्षी कोठेही जा, ही रक्कम वळती करून घेऊ, एवढेच आश्वासन मिळते.

जावईबापूंचा समज असा की, रेल्वेचे तिकीट काढताना विम्याच्या चौकोनात खूण केलेली आहे, तेव्हा सारे सुरक्षित आहे. हा समज आम्ही अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे. हा विमा 2016 साली सुरू झाला. एका प्रवाशामागे पन्नास पैशांहूनही कमी हप्ता आणि अपघाती मृत्यू आल्यास दहा लाख रुपये, अशी ती योजना आहे, आणि तिच्या जागी ती उत्तमच आहे. पण तिचा संबंध गाडीच्या अपघाताशी. मोडलेल्या बेताशी मुळीच नाही. शिवाय खूण केल्यावर वारसाचे नाव भरावयाचे असते, ते किती जण भरतात?

सावदा-रावेरच्या परिसरात विमा हा शब्द नवा नाही. केळीचा बागाईतदार तो दरसाल उच्चारतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याने त्याला एक कठोर धडा शिकविलेला आहे: वादळाने बाग आडवी झाली म्हणजे पैसे मिळालेच असे नव्हे, मंडळातील हवामान केंद्राच्या यंत्राने वाऱ्याचा ठरलेला वेग नोंदविला पाहिजे. विमा दुःखाकडे पाहून पैसे देत नाही, करारातील शब्दाकडे पाहून देतो. प्रवासविम्याचे हेच मर्म आहे. प्रवास रद्द झाल्याची भरपाई देणारी जी विमापत्रे मिळतात, त्यांत कारणे मोजून दिलेली असतात: विमाधारकाचे वा निकटच्या आप्ताचे निधन, गंभीर आजार, भूकंप वा पूर, आणि काहींत अतिरेकी हल्लाही. युद्ध हे बहुधा सर्वत्र वगळलेले असते. भीती हे कारण कोणत्याच यादीत नसते. घटना एकदा जगजाहीर झाल्यावर घेतलेला विमा त्या घटनेपुरता निरुपयोगी. घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातलाच तो प्रकार. म्हणूनच तारखांना महत्त्व येते. 22 एप्रिलनंतर केवळ धास्तीने घरी बसलेला प्रवासी, 29 एप्रिलला जम्मू-काश्मीर सरकारने 48 पर्यटनस्थळे बंद केल्यावर थांबलेला प्रवासी, आणि विमानतळ बंद असल्याने जाऊच न शकलेला प्रवासी, या तिघांची व्यथा एकच असली तरी कायद्याच्या व विम्याच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे खटले आहेत. आमचे मित्र तिसऱ्या वर्गात मोडतात.

विमा हा केवळ पैशाच्या परताव्याचा विषय नव्हे, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. 23 ऑगस्ट 2024 रोजी नेपाळात मर्स्यांगदी नदीत बस कोसळून तापीपलीकडच्या वरणगाव-तळवेल परिसरातील यात्रेकरू बळी पडले. त्या वेळी मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आणावे लागले. नेपाळात जाण्यास आपणांस पारपत्र लागत नाही, म्हणून तो परदेश वाटतच नाही. आणि परदेश वाटत नाही म्हणून परदेशप्रवासाचा विमा काढण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. उपचार, सुटका व मृतदेह स्वदेशी आणणे यांचा खर्च त्या विम्यात धरलेला असतो.

आता त्या अडकलेल्या आगाऊ रकमेविषयी. हा वाद जुना आहे. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाची मिरवणूक पाहण्यासाठी लंडनच्या रस्त्यावरील खिडक्या लोकांनी भाड्याने घेतल्या होत्या. राजा आजारी पडला, मिरवणूक पुढे गेली, आणि खोल्यांचे भाडे द्यावयाचे की नाही यावर न्यायालयात झुंज जुंपली. उरलेले भाडे मागता येणार नाही, पण आधी दिलेले परत मिळणार नाही, असा विचित्र न्याय त्या निवाड्यांतून निघाला. इंग्लंडला तो दुरुस्त करण्यास 1943 साल उजाडले. आपल्याकडे मात्र 1872 च्या करार कायद्यातच तोड होती. करार पार पाडणे अशक्य झाले तर 56 व्या कलमान्वये तो रद्दबातल होतो, आणि 65 वे कलम सांगते की अशा करारापोटी ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा. मात्र आयोजकाच्या छापील कागदावर अशा प्रसंगाविषयी वेगळी अट असेल, तर न्यायालय प्रथम ती अट पाहते. आणि बारीक अक्षरांतील ती अट आपण वाचत नाही.

सहल-आयोजकाचीही एक बाजू आहे. मोठ्या कंपन्यांचे सोडा. गावचा लहान आयोजक घेतलेल्या पैशातला बराचसा भाग हॉटेलवाल्याकडे आधीच पोहोचवितो, आणि श्रीनगरच्या हॉटेलवाल्याचा तर हंगामच बुडाला. त्याने परत न दिलेले पैसे आयोजकाने कोठून आणावेत? हे म्हणणे रास्त आहे, पण ते पावत्यांनिशी सिद्ध केले पाहिजे. किती रक्कम पुढे गेली, किती हाती राहिली, हे न दाखविता सगळीच्या सगळी अडवून धरणे हे दुसऱ्याच्या पैशावर बिनव्याजी व्यापार करणे होय. युरोपीय संघाच्या 2015 च्या निर्देशानुसार गंतव्यस्थानी असाधारण संकट ओढवल्यास प्रवाशाला विनाशुल्क माघार घेता येते व चौदा दिवसांत सर्व पैसे परत द्यावे लागतात. आयोजक बुडाला तरी प्रवाशाचा पैसा सुरक्षित राहील अशी तजवीजही त्याला करावी लागते. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणे न घेणे हे आयोजकाच्या मर्जीवर आहे. करोनाच्या टाळेबंदीत विमानभाड्यांचा असाच गुंता झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी परताव्याचे नियम घालून दिले, आणि पैसे जमा म्हणून ठेवून घेणाऱ्या कंपन्यांना त्यावर दरमहा वाढ द्यावयास लावली. विमानकंपनीला जो न्याय, तो सहल-आयोजकाला का नसावा? यासाठी सरकारने स्वतंत्र नियम करावयास हवेत, आणि आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती ही त्यांतली पहिली पायरी असावी.

तोवर हाती आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. तक्रार आता ग्राहक जेथे राहतो तेथेच करता येते. त्यासाठी सावद्याच्या माणसाला मुंबई-पुण्याच्या खेपा घालावयास नकोत, जळगावचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विमाकंपनीने दावा नाकारला असेल तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत विनामूल्य जाता येते.

आमच्या मित्रांनी पुढील वर्षीचा प्रवास अद्याप स्वीकारलेला नाही. पत्नीचे गुडघे यंदाच शंकराचार्य टेकडी चढण्याजोगे होते, पुढे असतील की नाही याची खात्री नाही, असे ते लिहितात. आम्ही त्यांस आयोजकाकडे प्रथम हिशेबाची लेखी मागणी करण्यास सांगितले आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आयोगाकडील अर्जाचा मसुदा करून देण्याचे आम्ही पत्करले आहे.